ट्रामच्या कोड्यापलीकडच्या फिलिपा फुट

१९४५ मध्ये नाझी छळछावण्यांची छायाचित्रं ब्रिटनमध्ये पोहोचली, तेव्हा ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फुट चोवीस वर्षांच्या होत्या. ऑक्सफर्डमधून तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात पदवी मिळवल्याला तीन वर्षं झाली होती. त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये नीतीविषयी जे बोललं जायचं, त्याचा मथितार्थ असा: ‘छळ करणं वाईट आहे’ हे वाक्य खरं किंवा खोटं ठरूच शकत नाही. ते जगाबद्दल काही सांगत नाही, बोलणारा फक्त आपली नापसंती व्यक्त करतो. तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९३६ साली हे मत इतकं ठणकावून मांडलं होतं की, त्याच्याविरुद्ध बोलणं हेच जुनाट वाटावं.

छावण्यांची बातमी कळल्यावर आपल्याला वाटलं की हे असं असूच शकत नाही, असं फुट यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. नाझी अधिकाऱ्याला ‘तुझा दृष्टिकोन वेगळा, माझा वेगळा’ यापलीकडे काहीच म्हणता येत नसेल, तर खोट आपल्या सिद्धांतात असली पाहिजे. ती खोट नेमकी कुठे, हे शोधण्यात त्यांची पुढची पन्नासहून जास्त वर्षं गेली.

आज मात्र त्यांचं नाव निघतं ते ब्रेक नसलेल्या ट्रामच्या कोड्यामुळे. त्यांच्या एका लेखात ते जेमतेम एका परिच्छेदात येऊन जातं. कोड्याची चर्चा खाली करतोच, कारण ते वाटतं तितकं उथळ नाही. पण फुटबाईंना तेवढ्यावरच ओळखायचं म्हणजे सबंध मैफलीतला एक आलाप ऐकून उठून जाण्यासारखं आहे.

त्यांचं घराणं मोठं. आई एस्थर ही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांची मुलगी, तिचा जन्म १८९३ साली थेट व्हाइट हाउसमध्ये झालेला. वडील इंग्लंडच्या उत्तरेला पोलाद कारखाना चालवायचे. घरात शिकार, घोडे, नोकरचाकर सगळं होतं, फक्त मुलींच्या शिक्षणाची पद्धत नव्हती. घरी येणाऱ्या शिक्षिकांनी जे शिकवलं त्यात ग्रीक आधी की रोमन आधी हेसुद्धा धड कळलं नाही, असं त्या सांगायच्या. तरी १९३९ साली त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल या तेव्हाच्या मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या. महायुद्ध सुरू झालं, बरेचसे पुरुष विद्यार्थी आणि तरुण प्राध्यापक निघून गेले आणि वर्गांत पहिल्यांदाच मुलींचा आवाज ऐकू येऊ लागला. एलिझाबेथ ॲन्स्कम, आयरिस मर्डॉक, मेरी मिजली आणि फिलिपा फुट या चौघी तत्त्वज्ञ त्याच काळात ऑक्सफर्डमध्ये घडल्या. हा निव्वळ योगायोग नव्हता, असं मिजलीबाई पुढे म्हणत असत, आणि मला ते पटतं. वादात समोरच्याला चीत करण्यातच हुशारी मानणारं वातावरण काही वर्षं ओसरलं होतं.

युद्धाच्या अखेरच्या काळात फुट आणि मर्डॉक लंडनमध्ये एका घरात राहत होत्या. युद्ध संपल्यावर फुट समरव्हिलमध्ये शिकवायला परतल्या. तिथे ॲन्स्कम होत्या, तत्त्वज्ञ विटगेन्श्टाइनच्या लाडक्या शिष्या आणि कट्टर कॅथलिक. फुट पक्क्या नास्तिक. दोघी जेवणानंतर तासन्‌तास वाद घालायच्या. आपण तत्त्वज्ञान खऱ्या अर्थाने शिकलो ते या वादांत, असं फुट म्हणायच्या.

आता मूळ प्रश्न. त्या काळचं ऑक्सफर्ड वस्तुस्थिती एका बाजूला आणि मूल्य दुसऱ्या बाजूला ठेवायचं. मध्ये भिंत. एखाद्या माणसाने काय केलं, त्यामुळे कोणाला किती इजा झाली, हे सगळं वस्तुस्थितीच्या बाजूला. ते वाईट आहे की नाही, हा निर्णय भिंतीच्या पलीकडे, आणि तो ज्याचा त्याने घ्यायचा. आर. एम. हेअर यांनी एअरच्या मताला जास्त नीटस रूप दिलं होतं. त्यांच्या मते नैतिक विधान हा एक प्रकारचा आदेश. तो आदेश सगळ्यांना, स्वतःलाही, सारखाच लागू करायची तयारी असली म्हणजे झालं. आदेशात काय असावं याला तर्काची मर्यादा नाही.

फुटनी १९५८-५९ मधल्या दोन लेखांत या भिंतीला भोक पाडलं, आणि त्यासाठी त्यांनी घेतलेला शब्द अगदी साधा होता: ‘उद्धट’. एखाद्याला उद्धट म्हणणं हे मूल्यमापन आहे, त्यात नापसंती आहे. पण कोणालाही, कशासाठीही उद्धट म्हणता येतं का? कोणी मुकाट्याने दाराशी येऊन उभा राहिला म्हणून तो उद्धट, असं म्हणणाऱ्याला आपण ‘तुझं मत वेगळं आहे’ असं म्हणत नाही. याला शब्दाचा अर्थच कळलेला नाही, असं म्हणतो. समोरच्याचा अनादर होऊन तो दुखावेल असं वागणं, ही वस्तुस्थिती असावी लागते. आणि ती आहे हे मान्य केल्यावर ‘पण मी त्याला उद्धट म्हणणार नाही, ते माझं मूल्य नाही’ अशी पळवाटही उरत नाही.

मग ‘चांगला’ आणि ‘वाईट’ या शब्दांचं तरी वेगळं का असावं? दर तासाला तीनदा हात जुळवणं हे सत्कृत्य आहे, असं कोणी म्हणालं तर? हेअरच्या हिशोबाने हा माणूस सुसंगत असेल तर त्याची नीती त्याच्यापुरती ठीक. फुट विचारतात, हे नीतीचं मत आहे हे तरी आपल्याला कसं कळलं? हात जुळवण्याने कोणाचं तरी भलं होतं, कसली तरी इजा टळते, अशी काही पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय ते वाक्य समजतच नाही. थोडक्यात, नीतीचा संबंध माणसाच्या हिताशी आणि अहिताशी असावाच लागतो, आणि हित-अहित म्हणजे काय हे आपल्या मर्जीवर नसतं. डोळे जाणं, हात तुटणं हे नुकसानच आहे, मग तुमचा दृष्टिकोन काहीही असो.

आता ती ट्राम. १९६७ साली ‘ऑक्सफर्ड रिव्ह्यू’ मध्ये फुटनी गर्भपात आणि ‘दुहेरी परिणामाचं तत्त्व’ यावर एक लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गर्भपाताचा कायदा झाला, म्हणजे विषय ऐन चर्चेतला होता. दुहेरी परिणामाचं तत्त्व हे कॅथलिक नीतिशास्त्रातलं. ते म्हणतं की, वाईट परिणाम मुद्दाम घडवून आणणं आणि तो होणार हे माहीत असूनही दुसऱ्या चांगल्या हेतूने कृती करणं, यांत फरक आहे. फुटना हे तत्त्व कामाचं आहे का ते तपासायचं होतं, म्हणून त्यांनी प्रसंगांची रांगच लावली.

एक न्यायाधीश आहे. जमाव खवळलाय, गुन्हेगार सापडला नाही तर एका समाजगटावर सूड उगवला जाणार, अनेक जीव जाणार. न्यायाधीशाने एका निरपराध माणसाला अडकवून फाशी दिलं तर रक्तपात टळेल. द्यावं का? बहुतेकांचं उत्तर: नाही. दुसरीकडे ट्रामचा चालक आहे. ट्राम थांबत नाही, फक्त एका अरुंद रुळावरून दुसऱ्यावर वळवता येते. एका रुळावर पाच कामगार, दुसऱ्यावर एक. चालकाने काय करावं? बहुतेकांचं उत्तर: एकाच्या दिशेने वळवावी. दोन्हीकडे एकाच्या बदल्यात पाच किंवा अधिक जीव वाचतात. मग उत्तरं उलटी का?

दुहेरी परिणामवाले म्हणतील, न्यायाधीशाला त्या माणसाचा मृत्यू हवाच आहे, चालकाला नाही. तो एक कामगार ऐनवेळी उडी मारून वाचला तर चालकाला आनंदच होईल. ठीक. पण फुट इथे एक पाऊल पुढे जातात, आणि लेखातली खरी करामत इथे आहे. समजा, पाच रुग्णांना वाचवण्यासाठी इस्पितळात एक वायू तयार करावा लागतो, पण तो करताना विषारी धूर शेजारच्या खोलीत शिरणार आणि तिथला हलवता न येणारा रुग्ण मरणार. त्याचा मृत्यू कोणालाच नको आहे. तो वाचला तर आनंदच. तरी आपण म्हणतो, हे करता येणार नाही. म्हणजे हेतूवरून सगळं ठरत नाही.

फुटचं उत्तर असं. आपली कर्तव्यं दोन जातींची असतात: कोणाला इजा न करण्याची आणि कोणाला मदत करण्याची. पहिली साधारणपणे दुसरीपेक्षा जड. न्यायाधीश आणि वायू बनवणारे डॉक्टर मदतीसाठी इजा करू पाहतात, म्हणून चूक. चालकाची गोष्ट वेगळी, कारण ट्राम तोच चालवतोय. सरळ गेला तर पाचांना मारणार, वळला तर एकाला. दोन्हीकडे इजाच आहे, मग कमी इजेची निवड त्याने करणं समजण्यासारखं आहे. कोडं त्यांनी आपल्या बाजूने सोडवलंच होतं.

मग ते पुन्हा कोडं कसं झालं? ते केलं जूडिथ जार्व्हिस थॉमसन या अमेरिकी तत्त्वज्ञ बाईंनी. ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ हे नाव त्यांचं, अमेरिकेत ट्रामला ट्रॉली म्हणतात. १९७६ च्या लेखात त्यांनी पुलावरचा जाडा माणूस आणला, ज्याला ढकललं तर ट्रॉली थांबेल. १९८५ च्या लेखात चालकाऐवजी सांध्याच्या खटक्याजवळ उभा असलेला एक वाटसरू आणला. हा वाटसरू काहीच न करता उभा राहिला तर तो कोणालाही मारत नाही, फक्त पाचांना मरू देतो. खटका ओढला तर एकाला मारतो. फुटच्या हिशोबाने त्याने ओढता कामा नये. पण बहुतेक लोक म्हणतात, ओढायला हरकत नाही. का? यावर आजतागायत शाई सांडते आहे. मजेची गोष्ट म्हणजे २००८ साली थॉमसन यांनीच आपलं मत फिरवलं: वाटसरूला खटका ओढायचा अधिकार नाही. पुढे यावर मेंदूचे स्कॅन झाले. अमेरिकेतल्या एमआयटीने चालकविरहित गाड्यांसाठी जगभरच्या लोकांकडून सुमारे चार कोटी उत्तरं गोळा केली, त्याचा निबंध २०१८ साली ‘नेचर’ मध्ये आला. फुटना यात फारसं स्वारस्य वाटलं असतं असं मला वाटत नाही. त्यांना मतदान घ्यायचं नव्हतं. मुळात लेख गर्भपाताचा, आणि तो प्रश्न यातून सुटला असाही त्यांचा दावा नव्हता.

त्याच लेखात एक वाक्य आहे, जे भारतीय वाचकाला चटका लावून जाईल. फुट लिहितात की, आपल्यापैकी बहुतेक जण भारतात आणि आफ्रिकेत माणसांना उपासमारीने मरू देतात, आणि यात आपलं नक्कीच काहीतरी चुकतंय. पण त्यांना मरू देणं आणि त्यांना विष घातलेलं अन्न पाठवणं, यांत फक्त कायद्यापुरताच फरक आहे असं म्हणणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ होता, हे लक्षात घेऊन वाचावं. आणि हे लिहिणारी बाई ऑक्सफॅम या दुष्काळ निवारणासाठी निघालेल्या संस्थेत जवळजवळ सुरुवातीपासून काम करत होती. ‘मरू देणं हे मारण्याइतकं वाईट नाही’ याचा अर्थ ‘म्हणून हातावर हात ठेवून बसा’ असा त्यांनी कधीच घेतला नाही.

मारणं आणि मरू देणं हा फरक महाराष्ट्रात आपण एका खऱ्या प्रसंगात पाहिला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक दशकं अचेत अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. याचिका फेटाळली, पण निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवण्याला, कडक अटींवर दार उघडून दिलं. सक्रिय दयामरणाला नाही. ज्या केईएमच्या परिचारिका त्यांची वर्षानुवर्षं शुश्रूषा करत होत्या, त्यांचा या याचिकेला विरोध होता.

फुटनी १९७७ साली दयामरणावर स्वतंत्र लेख लिहिला आहे, आणि तो या संदर्भात वाचण्यासारखा आहे. त्या म्हणतात, दोन सद्गुण वेगळे ओळखा: न्याय आणि करुणा. न्याय म्हणजे ज्याचा जो हक्क आहे तो त्याला देणं, करुणा म्हणजे दुसऱ्याचं भलं पाहणं. मग त्या एक प्रसंग सांगतात. माघार घेणाऱ्या सैन्याला बर्फात किंवा वाळवंटात जखमी सैनिक मागे सोडावे लागतात. पुढे उपासमार किंवा क्रूर शत्रू. अशा वेळी सोबती शेवटची गोळी घालून सुटका करत आले आहेत. पण एखादा जखमी म्हणाला, मला मारू नका, तर? त्याचं जगणं त्याच्या भल्याचं नसेलही, तरी त्याला मारायचा हक्क कोणालाही नाही. मात्र त्याचं आयुष्य लांबवणारं औषध त्याला द्यावं का, हा प्रश्न निराळा. करुणा जे सुचवते त्याला न्याय आडवा येऊ शकतो. ज्याला स्वतःची इच्छा सांगताच येत नाही, त्याच्या बाबतीत म्हणूनच उपचार थांबवणं आणि जीव घेणं यांतलं अंतर फार मोठं होतं. आपल्या न्यायालयाने फुट वाचून निकाल दिला असं मी म्हणत नाही. पण सक्रिय-निष्क्रिय हा फरक निव्वळ पळवाट आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा लेख आधी वाचावा.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्याने फुटना सगळ्यात जास्त छळलं. नीतीला हित-अहिताचा आधार आहे हे मानलं. पण कोणाच्या हिताचा? न्यायाने वागून समाजाचं भलं होईल, माझं नुकसान झालं तर मी का वागू? पन्नासच्या दशकात त्यांचं उत्तर होतं की, न्यायी माणसाचा शेवटी फायदाच होतो. थोड्याच वर्षांत त्यांना हे गळ्याखाली उतरेना.

१९७२ च्या लेखात त्यांनी थेट जर्मन तत्त्वज्ञ कांटशी पंगा घेतला. कांट म्हणतो, नीतीचा आदेश निरपेक्ष असतो. ‘मुंबईला वेळेत पोचायचं असेल तर पहाटे निघ’ हा सापेक्ष आदेश, जायचं नसेल तर तो गळून पडतो. ‘खोटं बोलू नको’ ला अशी ‘जर-तर’ची शेपूट नाही. फुट म्हणतात, शेपूट तर शिष्टाचाराच्या नियमांनाही नसते. पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास उचलू नये, हा नियम तुम्हाला आवडो न आवडो तुम्हाला लागू असतो. पण म्हणून तो मोडणारा माणूस तर्कदुष्ट ठरतो का? नाही. तो असभ्य ठरतो. मग अनीतीने वागणारा तरी तर्कदुष्ट कसा? तो दुष्ट आहे, आणि दुष्टपणा ही बुद्धीची चूक असावीच लागते असं नाही. मग नीती कशावर उभी? माणसांना न्यायाची, स्वातंत्र्याची, इतरांच्या सुखाची कळकळ असते त्यावर. लेनिनग्राडच्या वेढ्यात टिकून राहिलेल्या नागरिकांचं उदाहरण त्या देतात. आपल्याला शहराबद्दल निष्ठा वाटते हा केवळ योगायोग आहे, या विचाराने त्यांचे हातपाय गळाले नाहीत. आपण कर्तव्याच्या सैन्यातले सक्तीचे शिपाई नाही, स्वयंसेवक आहोत.

या लेखाने खळबळ उडाली. ज्या बाईने भिंतीला भोक पाडलं, तीच आता म्हणते की ज्याला कळकळ नाही त्याच्याजवळ चांगलं वागायला कारण नाही! नाझी अधिकारी पुन्हा निसटला. हे फुटनाही दिसत होतं. १९६९ साली समरव्हिलची नोकरी सोडून त्या अमेरिकेतल्या वेगवेगळ्या विद्यापीठांत शिकवत होत्या, सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्थिरावल्या, १९९१ मध्ये निवृत्त झाल्या. या सगळ्या काळात त्या तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या, आणि ऐंशी वर्षांच्या झाल्यावर, २००१ साली, ‘नॅचरल गुडनेस’ हे त्यांचं पुस्तक आलं. त्याआधीची ‘व्हर्च्यूज अँड व्हायसेस’ सारखी पुस्तकं म्हणजे लेखसंग्रह. सलग लिहिलेलं हे एकच. आणि त्यात त्यांनी १९७२ चं आपलं मत स्वतःच मागे घेतलं.

नवं उत्तर असं. ‘चांगला’ हा शब्द माणसापासून सुरू करू नका, झाडापासून करा. ओकच्या झाडाची मुळं खोल आणि भक्कम असली तर ती चांगली मुळं, कारण ओक ज्या तऱ्हेने जगतो त्यासाठी तशी मुळं लागतात. कळपाने शिकार करणाऱ्या लांडग्यांत शिकारीला न जाता नुसतं खायला येणारा लांडगा सदोष. यात कोणाची आवडनिवड नाही. त्या जातीचं जगणं कसं आहे यावरून ते ठरतं. माणसाचं जगणं वचनांवर, विश्वासावर, एकमेकांच्या मदतीवर चालतं. म्हणून वचन मोडणाऱ्या माणसात दोष आहे, त्याच्या इच्छाशक्तीत दोष आहे. आणि ‘मी का चांगलं वागू?’ याचं उत्तर: चांगल्या कारणांना कारण म्हणून ओळखता येणं, हाच माणसाच्या शहाणपणाचा भाग. स्वार्थ तेवढा शहाणा आणि न्याय मात्र ऐच्छिक, हा समजच उलटा आहे.

पुस्तकात नाझींविरुद्ध उभं राहून मृत्युदंड पत्करलेल्या माणसांच्या शेवटच्या पत्रांचा उल्लेख आहे. त्यात एक शेतकऱ्याचा मुलगा आहे, ज्याने एसएस या नाझी दलात जायला नकार दिला. या लोकांनी आपलं सुख गमावलं की नाही? फुट हो म्हणत नाहीत आणि सरळ नाहीही म्हणत नाहीत. त्यांनी गमावलं हेही खरं, पण जे गमावलं ते अन्याय करून मिळणाऱ्या आयुष्यात त्यांना मिळणारच नव्हतं, असं काहीसं त्या म्हणतात. मला हे पान सबंध पुस्तकातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरं वाटतं.

बाकी पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. लांडग्याचं जगणं कळपापुरतं असतं. दुसऱ्या कळपाशी त्याने कसं वागावं हे त्याची जात सांगत नाही. माणसांच्या टोळ्याही हजारो वर्षं आपल्यांशी इमानाने आणि परक्यांशी क्रूरपणे वागत जगल्या आहेत. ‘माणसाचं जगणं असं असतं’ एवढ्यावरून परक्याशीही न्यायाने वागलं पाहिजे हे निघतं का? फुटचे पाठीराखे म्हणतात, माणसाच्या जगण्यात विचार करणं हेही आलं, आणि विचार कळपाच्या कुंपणाशी थांबत नाही. असेल. पण मग सगळा भार विचारावर आला, ओकच्या मुळांवर नाही. १९७२ चा लेख मला अजूनही जास्त खुपतो, आणि म्हणून जास्त आवडतो.

फुट ३ ऑक्टोबर २०१० रोजी, आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी, ऑक्सफर्डमध्ये वारल्या. त्यांना वाचायला सुरुवात करायची असेल तर १९६७ च्या लेखापासून करा. मोजक्या पानांचा आहे आणि त्यात एकही अवघड संज्ञा समजावल्याशिवाय येत नाही. मग १९७२ चा, आणि तो वाचून चिडचिड झाली की ‘नॅचरल गुडनेस’. दीडशे पानांच्या आतलं पुस्तक आहे, पण रोज चार-पाच पानांपेक्षा जास्त पुढे सरकणार नाही.